बर्फातली नळी

सांगलीच्या विश्रामबागेतल्या लॅबच्या काउंटरवर त्यानं आइस्क्रीमचा डबा ठेवला, झाकण उघडलं, आणि अपूर्वाचं डोकंच फिरलं. डब्यात बर्फ, बर्फात निळ्या झाकणाची नळी, नळीत रक्त.

"हे रक्त आहे की कुल्फी?"

"आवं मॅडम, साताऱ्याच्या डॉक्टरांनीच सांगितलं, थंड ठेवा. तीन तास एसटीत मांडीवर धरून आणलंय."

"पेशंट कुठंय?"

तो घुटमळला. "मीच."

अपूर्वानं पेन खाली ठेवलं. आता याला हसावं की झापावं? धडधाकट माणूस स्वतःच्या पायांनी सांगलीत येतो, आणि स्वतःचंच रक्त डब्यात घालून आणतो. कान मात्र लालबुंद झाले होते त्याचे.

नाव ऋषिराज, एमआयडीसीत फिटर. दाढ काढल्यावर रक्त लवकर थांबेना, म्हणून तपासणी निघाली. दोनदा नमुना पुण्याला गेला, दोन्ही वेळा एकच उत्तर आलं... रक्त गोठण्यात दोष.

"तेही बर्फातूनच गेलं होतं?"

"व्हय."

"मग दोष दिसणारच की. या तपासणीचं रक्त बर्फात ठेवलं की गोठवणारे घटक कमी भरतात. नसलेला आजार चिकटवतात माणसाला, आणि नमुना कसा आणला, हे कुणी साधं विचारत नाही?"

"न्हाई विचारलं." तो डब्याचं झाकण लावत राहिला. "त्या रिपोर्टावर माझा साखरपुडा मोडला."

इतकं शांतपणे बोलला तो, की त्याच्या वाटणीचा रागही तिलाच आला.

"आणि खरंच असता आजार तर? लोक औषधं घेतात, संसार करतात, म्हातारे होतात. त्यासाठी माणूस टाकायचा? कसली माणसं म्हणायची ही... बाही वर करा."

तिनं सुई टोचली. तो सुईकडं बघतच नव्हता, तिच्याकडं बघत होता. मग तिनं कापूस दाबून धरला... रक्त थांबलं, तरी तिची बोटं तिथंच होती.

चार दिवसांनी तो रिपोर्ट न्यायला आला. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. लिफाफा घेतला आणि न उघडताच खिशात घातला.

"वाचा की. त्यासाठीच आलात ना?"

"त्या मुलीकडच्या लोकांचा निरोप आलाय. रिपोर्ट चांगला असला तर पुन्हा बघू म्हणत्यात."

"बघू?" तिचा आवाज चढला. बाकावर नंबरची वाट बघणाऱ्या आजींनी मान वर केली. "बाजारातून बैल घेताहेत का, दात मोजून? आणि तुम्ही जाणार?"

"कालच न्हाई म्हणून सांगितलं." तो गालात हसला. "तुमी चिडताय का, तेवढं बघायचं होतं."

"लबाड आहात."

"हाय थोडा. एक विचारू? रक्त चांगलं असू दे, न्हाईतर नासकं... तुमी माझ्याशी लगीन..." वाक्य अर्धवट सोडून त्यानं पुड्याची दोरी चाचपली. मग हळूच म्हणाला, "तुमाला काय, सोपं हाय. रिपोर्ट तुमीच केलाय, आत काय हाय ते तुमाला ठावं हाय."

अपूर्वा लाजली नाही. परत चिडलीच.

"रिपोर्ट चांगला आहे. पण तो परवा तयार झाला, ऋषिराज. कापूस धरून उभी होते, तेव्हा माझ्या हातात कुठला कागद होता? माझं तेव्हाच ठरलं होतं."

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग लिफाफा तसाच खिशात ठेवून त्यानं पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडली, आणि पहिला पेढा आजींना दिला.