रिकाम्या चौकटी

चेन्नईत वेलचेरीच्या शेअर ऑटोत माझ्या शेजारी बसलेला माणूस मांडीवरच्या लॅपटॉपवर माझ्याच संशोधनाची वाट लावत होता!

तक्ता माझाच होता. एकशे वीस नोकरदार बायकांच्या पाळीतल्या वेदनांचा — रोज डायरीत शून्य ते दहा असा आकडा लिहायचा. आणि हा पठ्ठ्या रिकाम्या चौकटींत भराभर शून्यं भरत सुटला होता.

"स्टॉप, स्टॉप!" मी ओरडले.

"आता ही कोण भवानी?" तो पुटपुटला... आणि चक्क मराठीत!

"मी रंजनी. हा अभ्यास माझा. शून्य कां म्हणून घालतां?"

त्याचे कान लालबुंद झाले. हा अक्षत, साताऱ्याहून आमच्या विभागात नुकताच आलेला संख्याशास्त्रज्ञ.

"काही लिहिलं नाही, म्हणजे दुखलं नसेल ना?"

"अय्यो! फार दुखतं त्या दिवशी पेन कोण धरणार?"

तो मान खाली घालून एकेक शून्य पुसायला लागला. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

अभ्यास पुढे चालवायचा का, हे ठरवायला शुक्रवारी समिती बसणार होती. 'त्रास किरकोळ' असा शेरा पडला, की अभ्यास बंद आणि पुढची औषधाची चाचणीही बंद. किरकोळ! माझी अम्मा जन्मभर डॉक्टरांकडून हेच ऐकत आली. मी हे होऊ देणार नव्हते.

"एकेचाळीस जणींनी चौकटी सोडल्यात. अस्कींना भेटते मी." आमच्या तंजावरी मराठीत अस्की म्हणजे सगळे.

"चार दिवसांत?"

"चार दिवसांत."

"मग मीही येतो," तो म्हणाला. "शून्यं मी भरली होती."

शोळिंगनल्लूर, सिरुसेरी... पावसाच्या घोटाभर पाण्यातून आम्ही ऑफिसं पालथी घातली. बायकांनी मोकळं बोलावं म्हणून तो गेटबाहेर छत्री धरून उभा राहायचा. पुरावा त्यांच्या फोनमध्येच सापडला. ज्या तारखेची चौकट रिकामी, त्याच तारखेला मॅनेजरला पाठवलेला रजेचा मेसेज — 'ताप आहे', 'पोट बिघडलंय'. खरं कारण एकीनेही लिहिलं नव्हतं.

गुरुवारपर्यंत छत्तीस जणी झाल्या. शुक्रवारी समितीत विभागप्रमुख विजयलक्ष्मी मॅडमनी तारखा जुळवून पाहिल्या, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "चालू ठेवा."

अक्षतकडे पाहिलं, तर तो माझ्याचकडे पाहत होता. मीच नजर वळवली... उगीच.

आमच्याकडे एक रिवाज आहे. अभ्यासात नवा आलेला माणूस, पुरुष असला तरी, महिनाभर तीच डायरी स्वतः भरतो. अक्षत इमानेइतबारे भरायचा: 'गुडघा — दोन', 'डोकं — एक'. मधे मी तीन दिवस तंजावरला गेले. परत आल्यावर डायरी तपासली, तर नेमक्या त्याच तीन दिवसांच्या चौकटी कोऱ्या!

"हे काय? तीन दिवस विसरलां?"

"तू इथे नव्हतीस."

"मग? शून्य धरूं?"

"रंजनी..." त्याचे कान पुन्हा लाल झाले. "फार दुखतं त्या दिवशी पेन कोण धरणार?"

मी पेन उघडलं आणि तिन्ही चौकटींत ठसठशीत 'दहा' लिहिलं.

"तंजावरला माझे पण तेवढेच," मी म्हणाले.