उलटं उघडलेलं पुस्तक

“बास झाली शाळा! गाडी जुपलीय, चल शेतातल्या आखाड्यावर, शेळ्या राख!” म्हणत व्यंकटरावांनी धाकट्या लेकाचं दप्तर चुलीपुढं भिरकावलं, आणि भाकरी थापणाऱ्या सुनेच्या, सिंधूच्या, काळजात चर्र झालं!

अकरा वर्षांचा मुंजाजी मात्र नुसता बसून होता... जणू दप्तर दुसऱ्याच कुणाचं! गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत पहिला नंबर न सोडणारं हे लेकरू. सासू गेल्यापासून सिंधूनं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं, अन् चुलीच्या राखेत बोटानं अक्षरं काढून आपल्या या वैनीला बाराखडी शिकवणारं! पण तेव्हा सरकारी भाषा उर्दू; पाचवीला हिंगोलीच्या शाळेत सारंच उर्दूत सुरू झालं, अन् सहा महिन्यांत त्याच्या डोळ्यांतला उजेडच मावळला... ना हसणं, ना रुसणं, ना एखादा प्रश्न.

“आन् तू गं?” व्यंकटराव सिंधूकडं वळले. “रोज दुपारी जमिलाबीच्या घरी काहून जाऊन राहिली? गावभर चर्चा हाय!”

महिनाभर असे टोमणे तिनं मुकाट्यानं गिळले होते. आज मात्र पिठाचे हात पदराला पुसत ती उठली आणि उतरंडीमागून तिनं पाटी काढली. पाटीभर वेडीवाकडी उर्दू अक्षरं!

“ह्याच्यापायी, मामाजी! लेकराला समजत न्हाई, अन् तसं सांगायची त्याला लाज वाटती... म्हनलं, जमिलाबीला उर्दू येती, तिच्याकडून आपुनच शिकावं, मंग त्याला सांगावं!”

आजवर नुसती पाटीच गिरवलेल्या तिनं मुंजाजीचं पुस्तक उचललं, मराठी पुस्तक उघडावं तसं उघडलं, अन् शेवटचा अवघड धडाच पहिला समजून अक्षर अक्षर जुळवू लागली! दोन शब्दांतच घाम फुटला...

“वैनी!” मुंजाजी फिस्सकन हसला... सहा महिन्यांनी! “तो शेवटचा धडा हाय! हे पुस्तक हिकडून, उजवीकडून सुरू होतंय!” पुस्तक ओढून घेत त्यानं पहिलं पान काढलं. “हां, वाच आता. न्हाई न्हाई, बराबर वाच!”

तेच टपोरे डोळे, तोच तोरा, राखेतल्या त्या मास्तराचा! सिंधूला हुंदका आवरेना.

व्यंकटरावांनी वाकून दप्तर उचललं, राख झटकली. “माजं चुकलं, पोरी... काय काय बोललो मी तुला! मुंजा, जातोस शाळंत?”

“जाईन, आबा. पर... मला तिथं काईच समजत न्हाई.” हे तो आज पहिल्यांदाच बोलला!

“मंग इचार की मास्तरला! तुजी वैनी गावाची बोलनी खाऊन शिकून राहिली, तुला कशाची लाज?”

गाडी आखाड्याची वाट सोडून हिंगोलीकडं वळली, तसा मुंजाजी मागून ओरडला, “वैनी, दुपारी जमिलाबीकडं जाय! सांजच्याला परीक्षा घेनार हाय मी!”

“व्हय जी, मास्तर!” सिंधूनं पदर डोळ्यांना लावला... तव्यावरची भाकरी पार करपून गेली होती, अन् आज त्यापायी तिला कुणी एका शब्दानंही बोललं नव्हतं!