उडी बदलू नका

ओसाकात त्या सकाळी पाऊस आणि बर्फ एकत्रच पडत होते. निप्पोनबाशीच्या दुकानाबाहेर रांग लागली होती, कारण ‘कोंता’ या उड्या मारणाऱ्या कोल्ह्याच्या व्हिडिओ गेमचा बारावा भाग आज मिळणार होता. कानाए त्या रांगेत मुद्दाम उभी होती. गेम बनवणाऱ्यांनी पहिल्या दिवशी ओळख न देता लोकांमध्ये उभं राहायचं, ही तिच्या कंपनीची जुनी रीत.

पुढच्या माणसाला मक्याच्या सूपचा कॅन उघडेना. अंगठा सारखा घसरत होता.

“द्या इकडे.” कानाएनं कॅन उघडून दिला.

“थंडीनं बोटं ऐकत नाहीत,” तो ओशाळून हसला.

त्याच्या खिशातून एक कार्ड डोकावत होतं. प्रत्येक गेमच्या खोक्यात अभिप्रायासाठी असतं, तसलं. मागच्या वेळचं, जपून ठेवलेलं. ‘उडी बदलू नका.’ खाली घसरत जाणारं ते अक्षर कानाएनं लगेच ओळखलं. सहा वर्षं ते तिच्या टेबलावर येत होतं... दर वेळी थोडं अधिक थरथरतं.

“खेळायच्या आधीच तक्रार?”

“दर वेळी हेच तर लिहायचं असतं. वाट कशाला बघू?”

“आणि नवी उडी आवडली तर?”

“तर तुम्हाला जेवायला बोलावीन. नाव तोमोनारी. पण जेवण विसरा, आवडणार नाही.”

“फारच हट्टी आहात.”

“कोल्हा माझ्याहून हट्टी आहे.”

उडी तिनंच बदलली होती. जुन्या उडीला बटण जोरात, नेमक्या क्षणी दाबावं लागे; नवी हलक्या स्पर्शालाही साथ देई. ‘आधी खेळून तर बघा—’ शब्द ओठांपर्यंत आले. पण ओळख द्यायची नव्हती. गेम घेऊन निघताना त्यानं कार्ड टपालाच्या लाल पेटीत टाकलं.

तीन आठवड्यांत अकरा हजार कार्डं आली. बहुतेकांवर तेच एक वाक्य.

“तीस वर्षं लोकांनी जी उडी जपली, तिला हात लावणारे आपण कोण?” विभागप्रमुख शांतपणे म्हणाले. अपडेटमधून सगळ्यांच्या गेममध्ये जुनी उडी परत आली. कानाएला दुसऱ्या विभागात पाठवलं.

टेबल आवरताना उशिरा आलेलं एक कार्ड तिच्या हाती लागलं. अक्षर जेमतेम लागत होतं.

‘नवी उडी ठेवा. माझ्या हातातली ताकद चालली आहे. कित्येक वर्षांनी कोल्ह्यानं झुलता पूल ओलांडला. सूप उघडून देणाऱ्या बाई भेटल्या तर सांगा, जेवण द्यायचं राहिलंय.’

खाली पत्ता होता.

दार उघडायला तोमोनारीला बराच वेळ लागला. आत पडद्यावर कोल्हा पुलाच्या अलीकडे थांबला होता.

“मी कानाए. ती उडी मी बदलली होती,” ती म्हणाली.

त्यानं पडद्यावरच्या कोल्ह्याकडे पाहिलं. “आणि मी ती घालवली.”

“अकरा हजार जणांनी.”

“त्यातला एक तर मीच ना... उजवा हात गेला आता. डॉक्टर म्हणतात, वर्षभरात डावाही जाईल.”

ती त्याला खेटून बसली. कंट्रोलरची उजवी, उडीच्या बटणाची बाजू तिनं आपल्या हातात घेतली. तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला. तो सरकला नाही.

“चालवा तुम्ही. उडीचं माझ्याकडे.”

“जुनी उडी आहे, कानाए-सान. क्षण चुकला तर दोघंही खाली.”

“मग सांगा ना वेळेवर.”

कोल्हा धावत पुलाच्या टोकाशी आला. तोमोनारीनं श्वास रोखला.

“आता,” तो हळूच म्हणाला.