कोऱ्या पाटीची हरकत

"हरकत?" असं विचारून उत्तराची वाट न बघता हातोडा आपटायचा, ही परिषदेच्या अध्यक्ष रोझविथा काइंत्स बाईंची खासियत. व्हिएन्नातल्या साऱ्या मुत्सद्द्यांना ती ठाऊक होती. ज्याला बोलायचंय त्याने आपल्या देशाच्या नावाची पाटी उभी करायची आणि अध्यक्षांनी त्याला बोलू द्यायचं, असा नियम. बाई मान वर करीपर्यंत कलम मंजूर झालेलं असे.

आज अणुसामग्रीच्या सुरक्षेचा करार वाढवण्याच्या परिषदेचा शेवटचा दिवस होता. आजवर हा करार देशादेशांमधल्या वाहतुकीपुरता होता. आता कोठारं आणि अणुभट्ट्याही त्यात यायच्या होत्या. एकाने जरी हरकत घेतली तरी चार वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती.

"जेवायच्या आत उरकते बघ," बाई सचिव टिबोरला म्हणाल्या. "गार श्नित्झेल मला चालत नाही."

"आणि कुणी पाटी उभी केली तर?"

"चष्मा काढून ठेवीन. दिसलीच नाही म्हणायचं."

टिबोर खो खो हसला.

दुसरं कलम मंजूर झालं तेव्हा शेवटच्या रांगेत एक पाटी उभी दिसली. पाटी कोरी होती आणि मागची खुर्ची रिकामी.

"टिबोर, तिकडे कोणाला बसवलंयस?"

"कुणालाच नाही. त्या रांगेत आपण पाट्याच ठेवल्या नाहीत."

बाईंनी खरंच चष्मा काढला. त्याच्याशिवाय त्यांना पुढचे चेहरेसुद्धा धूसर दिसत. ती पाटी मात्र स्वच्छ दिसत होती.

"हरकत?" ठक्.

चौथ्या कलमाला पाटी मधल्या रांगेत आली. तिच्या दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींनी, बाकावर तिसऱ्याला जागा द्यावी तशी, कोपरं आत ओढून घेतली होती. त्यांचं बोलणं मात्र चालूच होतं.

सहाव्याला ती पहिल्या रांगेत होती.

बाईंना भीती वाटली, आणि त्याहून जास्त राग आला. एका कोऱ्या पाटीपायी त्या हातचा करार घालवणार नव्हत्या.

"शेवटचं कलम. हरकत?"

ठक्.

टाळ्यांचा कडकडाट झाला. घोडं एकदाचं गंगेत न्हालं. माणसं कानातली भाषांतराची यंत्रं काढून एकमेकांच्या गळ्यात पडू लागली.

बाईंचं यंत्र अजून कानातच होतं. त्यातून कुणीतरी बोलू लागलं.

सभागृहात सहा भाषांचे दुभाषे होते. जर्मन त्यांत नव्हती. हा आवाज तर बाईंच्या टिरोलमधल्या खेड्याच्या जर्मन बोलीत होता, अगदी शेजारच्या काकूंसारखा.

"रोझी, किती वेळ पाटी धरून बसलो गं. बघितलंस आणि न बघितल्यासारखं केलंस. असू दे. दारं, कुलपं, पहारे, सगळं छान ठरवलंत. आम्ही त्या कोठारांच्या आतच आहोत, त्यामुळे आमचं काही म्हणणं नाही. फक्त आता बाहेर येतो म्हणतो."

बाईंनी समोर पाहिलं. एकाही देशाची पाटी उभी नव्हती. अध्यक्षांना स्वतःची पाटी नसते.

"हरकत?" आवाजाने विचारलं.

त्यांनी तोंड उघडलं. पण हात सवयीचा होता.

ठक्.

टिबोर हसत वळला. "बाई, झालं की सगळं! आता हे काय मंजूर केलंत?"

पहिल्या रांगेतली रिकामी खुर्ची, कुणी उठावं तशी, हळूच मागे सरकली.