भिंतीतली बुजवलेली भोकं

ठेकेदाराची थप्पड ढब्बूच्या कानाखाली बसली आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"भिंत कशी बांधायची ते आता शेंबडी पोरं शिकवणार?"

"तुम्हीच फळीवर लावलेल्या नकाशात आहे," ढब्बूची मावसबहीण चष्मिस म्हणाली. "प्रत्येक घराच्या मागच्या दारासमोर दाराएवढं भोक. तुम्ही सगळी बुजवलीत."

"भोकातून चोर शिरतात. पळा इथून."

सुट्टीला मामाकडे आल्यापासून दोघांना एक गोष्ट खटकत होती. मामा होड्या बांधणारा सुतार, पण त्याच्या खालच्या मजल्यावर एकही कपाट नव्हतं. पिठाच्या डब्यापासून चपलांपर्यंत सगळं तुळईला टांगलेलं. गल्लीतल्या अकराही घरांत तेच. पुढच्या दारात उभं राहिलं की मागच्या दारातून थेट खाडी दिसायची. आता मात्र चार हातांवर ठेकेदाराची नवी भिंत दिसत होती. पाणी कुठवर चढलं ते दाखवणाऱ्या, छिन्नीने कोरलेल्या रेघा खांबावर होत्या, प्रत्येकीशेजारी त्या भरतीचं साल.

"मोठ्या भरतीला समुद्र पुढून येतो, मागून खाडीत जातो," मामाने सांगितलं होतं. "जुन्या लोकांनी त्याला वाट ठेवली, म्हणून ही घरं टिकली."

त्याच दुपारी मोठ्या भरतीबरोबर वारा उठला. पहिल्या लाटेने पुढचं दार बिजागऱ्यांसकट उचकटलं. दुसरीने वल्ही आपटून मोडली. पाणी मागच्या दारातून बाहेर पडलं, भिंतीवर आदळलं आणि दुप्पट जोराने परत आलं. मामाची खाट उलटली. त्याच्या पायाला मांडीपर्यंत प्लास्टर होतं, जिना चढणं शक्यच नव्हतं. कुबडी काखेत धरून तो खांबाला चिकटला. पाणी सगळ्यात वरच्या रेघेवरून गेलं आणि चढतच राहिलं. मामा आता बुडणार होता.

"डोलकाठी!" चष्मिस ओरडली.

होडीची नवी डोलकाठी तुळईला दोन दोरांनी टांगलेली होती. दोघांनी ती मागे ओढून सोडली. मागच्या दारातून तिचं टोक बुजवलेल्या भोकावर धाडकन बसलं. तिथे एकेरी विटा होत्या. तिसऱ्या तडाख्याला तडा गेला.

"माझी भिंत फोडता?" ठेकेदार पाण्यातून धडपडत आत आला. त्याने चष्मिसची वेणी धरून तिला खांबावर आपटलं. तिच्या भुवईतून रक्त आलं. ढब्बू त्याच्या मनगटाला कडकडून चावला, तर त्याने ढब्बूला भिरकावून दिलं. मग मामाची कुबडी फिरली. ठेकेदाराच्या गुडघ्यात काहीतरी कटकन मोडलं आणि तो पाण्यात पडला.

रडत रडतच ढब्बूने एकट्याने डोलकाठी ओढली आणि सोडली.

विटा उडाल्या. पाणी गर्जत भोकातून निघालं आणि जाताना मोडकी वल्ही, स्टूल आणि ठेकेदारालाही घेऊन गेलं. तो खाडीच्या चिखलात कमरेपर्यंत रुतलेला सापडला, पुढचे दोन दात गमावून.

"भोकातून चोर शिरतो म्हणत होते," ढब्बू म्हणाला. "बाहेरही जातो की."

शेजाऱ्यांनी घण घेऊन उरलेली दहा भोकं फोडली आणि दोघांच्या पाठी थोपटून थोपटून लाल केल्या. चष्मिसला सात टाके पडले.

ओल जिथवर चढली होती, तिथे मामाने खांबाला बोट लावलं. रेघ घरच्या थोरल्याने कोरायची, अशी तिथली रीत. मामाने छिन्नी चष्मिसला दिली, हातोडी ढब्बूला.

"मामा, थोरले तर तुम्ही," चष्मिस म्हणाली.

"आज नाही," मामा म्हणाला. "कोरा."