भेटीची वेळ : चार ते सहा

बसा, ती खुर्ची ओढून घ्या. किल्ल्यांचे जुडगे नंतर समजावून सांगतो. उद्यापासून ही इमारत तुम्ही माझ्याबरोबर सांभाळणार, तर दुसऱ्या मजल्यावरच्या वाचनालयाची गोष्ट आधी तुमच्या कानावर घातलेली बरी. बाहेर तिखटमीठ लावून सांगणारे पुष्कळ भेटतील. ज्याच्यावर गुदरलं तो मी एकटाच इथे उरलोय.

मी एकेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात गेलो. त्याआधी बावीस वर्षं प्लंबर होतो. मग गुडघ्यांनी राजीनामा दिला. ओट्याखाली वाकलो की वर यायला कुणाचा तरी हात लागायचा. बायकोने कुठूनतरी माहिती काढली आणि फॅसिलिटीज इंजिनिअरिंगचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला. त्यात नक्की शिकवतात काय, असं सासूबाईंनी विचारलं. मी सांगितलं, इमारतीला पाणी, वीज, हवा वेळेवर मिळते का ते बघायचं, काही बिघडलं तर रात्री-अपरात्री धावायचं, आणि सगळं ठीक चाललं तर आपण आहोत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे इमारतीची सून." याहून नेमकी व्याख्या मला आजवर कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

वर्गातली सगळी पोरं विशीतली. मला काका म्हणायची. पहिल्या वर्षी गणिताने माझी दांडी उडवली होती आणि पुन्हा नापास झालो तर कॉलेजचं दार बंद, असं स्पष्ट सांगितलेलं. त्यामुळे दुसऱ्या वर्षीच्या प्रात्यक्षिकावर माझं सगळं अडकलं होतं. जोडीला मिळाली एका शिंप्याची मुलगी. तिच्या गळ्यात कायम बापाची टेप असायची आणि दिसेल ते मोजायची सवय होती, म्हणून तिचं नावच मीटर पडलं होतं. तोंडही तसंच, एकदा सुरू झालं की थांबा म्हटल्याशिवाय थांबत नसे.

काम साधं होतं. ही इमारत पूर्वी इस्पितळ होती. कॉलेजने विकत घेतली तेव्हा ती अकरा वर्षं रिकामी पडलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डात वाचनालय करायचं होतं. तिथली हवा कशी फिरते ते आठवडाभर मोजायचं, हवेचा जुना पंखा दुरुस्त होतो का बघायचं आणि अहवाल द्यायचा. आमच्या मॅडम जहाजांच्या इंजिनरूममध्ये पंधरा वर्षं काढून आलेल्या. त्यांनी यंत्र हातात देताना एवढंच सांगितलं, की आकडा आवडला नाही म्हणून खोडायचा नसतो.

ते यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजतं. माणूस श्वास सोडतो, त्याने खोलीतला आकडा चढतो. बाहेरच्या हवेचा आकडा साधारण चारशेवीस. मीटर म्हणायची, काका, मोकळी हवासुद्धा चारशेवीसच निघाली, आता विश्वास कुणावर ठेवायचा? तर रिकाम्या, बंद खोलीत आकडा बाहेरच्याइतकाच राहतो. माणसं असली की वाढतो, आणि किती वाढला त्यावरून आत किती माणसं आहेत ते काढता येतं.

आम्ही सोमवारी वॉर्डात यंत्र ठेवलं, दाराला कुलूप लावलं आणि पुढच्या सोमवारी आकडे उतरवून घेतले.

सरळ रेघ यायला हवी होती. आकडा सातशेच्या आसपास होता, रात्रंदिवस. रोज दुपारी चार वाजता तो चढायला लागायचा, बाराशेपर्यंत जायचा आणि सहानंतर उतरायचा. सातही दिवस तसंच.

मीटर म्हणाली यंत्र बिघडलंय. दुसरं आणलं, तिसरं आणलं. तिन्ही यंत्रं एकच बोलत होती. मग आम्ही वॉर्ड पिंजून काढला. मांजर नाही, वटवाघूळ नाही, खालून कुठे धूर येत नाही. खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. फरशीवर फक्त खाटांच्या पायांचे गंजके ठसे आणि भिंतीवर एक पत्र्याची पाटी, भेटीची वेळ चार ते सहा. ती पाटी आम्ही दोघांनी एकदमच वाचली. मीटर त्यानंतर काहीही न मोजता जिन्याकडे वळली, यावरून काय ते समजा.

खाली येऊन तिने गणित केलं. एरवी सात माणसं. चार ते सहा, वीस.

आता खरं सांगतो, माझ्या मनात पाप आलं. असला अहवाल दिला तर परीक्षक म्हणणार काकांना वजाबाकीही येत नाही. सातशेच्या जागी चारशेतीस लिहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? मी तसं बोलूनही दाखवलं. मीटरने टेप बोटाभोवती गुंडाळली, सोडली, आणि म्हणाली की आधी स्वतः बसून बघू. मग खोडायचं तर डोळसपणे खोडू.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला आम्ही वॉर्डात जाऊन बसलो. बाहेर लख्ख ऊन होतं, पण फळ्यांमुळे आत काळोख. टॉर्च फरशीवर ठेवली. हवा कुठून कुठे जाते ते कळावं म्हणून आम्ही दाराच्या चौकटीत पातळ कागदाची पट्टी टांगतो, तशी टांगली आणि दार उघडं ठेवलं. ओल्या चुन्याचा वास येत होता. खाली अंगणात पोरं बॉल खेळत होती, त्यांचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता.

चार वाजले.

पट्टी आत वळली. जणू कुणी तिच्या अंगावरून गेलं. सरळ झाली, पुन्हा वळली. मीटर ओठांतल्या ओठांत मोजत होती. तेरा वेळा. वाऱ्याची झुळूक अशी एकेक करून, मागचा-पुढचा बघत येत नाही हो.

त्यानंतर आवाज म्हणाल तर काहीच नाही. फक्त हवा जड होत गेली. गर्दीच्या खोलीत होते तशी, उबदार, अंगाला चिकटणारी. मग सोललेल्या संत्र्याचा वास आला. माझ्या डाव्या दंडाला ऊब लागली, शेजारी कुणी टेकून बसावं तशी... मी तिकडे मान वळवली नाही. यंत्र आठशे, साडेनऊशे, अकराशे दाखवत होतं.

"काका..." मीटर पुटपुटली. "आपण दोघं वजा केलीत का?"

"केली," मी म्हणालो. "वीसच आहेत."

तेवढ्यात अगदी शेवटच्या ठशांच्या बाजूने खोकला ऐकू आला. कोरडा, दाबलेला. लोक आलेत, त्यांना त्रास नको, म्हणून एखादं माणूस हात तोंडावर धरून खोकतं तसा. मग दुसऱ्या कोपऱ्यातून एक. मग तिसरा.

सहाला पट्टी तेरा वेळा बाहेर वळली. आम्ही चौदाव्या क्षणाला जिन्यात होतो. गुडघे दुखतात हे मला खाली पोचल्यावर आठवलं.

मॅडमना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन चार ते सहा बसल्या, बाहेर आल्या, चष्मा पुसला.

"अकरा वर्षं हवा बंद आहे," त्या म्हणाल्या. "ज्या खोलीत माणसं आहेत, तिथली हवा आपण बंद ठेवत नाही. पंखा चालू करा."

एवढंच बोलल्या. आणि काय सांगू, माझी भीती निम्मी झाली. कारण पंखा दुरुस्त करणं हे काम होतं, आणि काम मला येतं. गच्चीवरच्या पंख्याच्या खोलीत चार दिवस घातले. बेअरिंग जाम, पट्टा कुजलेला, पाती काजळीने काळी. मीटर मापं घेत होती, बडबडत होती, आणि मी कोपरापर्यंत ग्रीसमध्ये. पाचव्या दिवशी बटण दाबलं. पंखा आधी कण्हला, मग लयीत आला. खाली वॉर्डात गेलो तर अकरा वर्षांची धूळ जाळीतून निघून बाहेर पडत होती आणि पट्टी हलकेच डोलत होती. त्या दिवशी चार ते सहात एकदाही खोकला आला नाही.

दोन दिवसांनी पट्टी तेरा वेळा आत वळली आणि चौदा वेळा बाहेर.

मीटर म्हणाली माझं मोजायला चुकलं. पण दुसऱ्या दिवशी गणित सहावर आलं होतं. ती म्हणाली, "काका, डिस्चार्ज मिळाला कुणाला तरी." आणि आम्ही दोघं त्या अंधाऱ्या वॉर्डात वेड्यासारखे हसत सुटलो.

मग एकेक जण गेला. कधी दोन दिवसांनी, कधी चार. आम्ही फळ्यावर आकडा लिहायचो आणि तो कमी झाला की कँटीनमध्ये चहा. वर्गातल्या पोरांना वाटायचं आम्ही परीक्षेचे दिवस मोजतोय. भेटायला येणारेही कमी होत गेले, साहजिकच. शेवटी एकच पेशंट उरला, तो खोकणारा शेवटच्या खाटेचा, आणि चार वाजता पट्टी हलेनाशी झाली. त्याचं कुणी येतच नव्हतं.

आठ दिवस तसेच गेले. अहवालाची तारीख जवळ आली. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, मग तुम्ही जा ना भेटायला, त्याचं कुणी येण्यासारखं असतं तर एव्हाना आलं असतं. दुसऱ्या दिवशी तिने पिशवीत चार संत्री घालून दिली.

आम्ही जाऊन त्या ठशांशेजारी बसलो. काय बोलणार? मीटरने स्वतःच्या बापाच्या दुकानातली भांडणं सांगितली. मी माझे गुडघे सांगितले. ते संपल्यावर तिने पंपांच्या धड्याच्या नोट्स मोठ्याने वाचल्या, कारण त्याने कुणालाही गाढ झोप लागते असं तिचं म्हणणं. तिसऱ्या दिवशी सहाला आम्ही निघालो. ती पुढे, मी मागे. मी उंबऱ्याबाहेर पडलो, पट्टी स्थिर झाली आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, आणखी एकदा बाहेर वळली.

जिन्यात पावलं दोघांचीच वाजली. पण अंगणात येईपर्यंत माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता. अशक्त माणूस आधाराला ठेवतो तसा, हलका. फाटकापाशी तो उचलला गेला. मी वळून बघितलं नाही, आणि त्याचं मला आजही थोडं वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी यंत्राने चारशेवीसची सरळ रेघ काढून दिली.

आम्ही अहवालात एकही आकडा खोडला नाही. परीक्षक चक्रावला, पण मॅडमनी खाली सही केली होती. आम्हाला वर्गात सर्वांत जास्त मार्क मिळाले. मीटर आता विमानतळाची हवा सांभाळते. मॅडम निवृत्त होऊन समुद्राजवळ राहायला गेल्या. आणि मला याच इमारतीत नोकरी मिळाली, तिला अठरा वर्षं झाली. वाचनालयात पोरं अभ्यास करतात, डुलक्या काढतात, प्रेमात पडतात. तिथे कधी काही झालं नाही. तिकडे बिनघोर जा.

तुम्हाला सांगायचं ते दुसरंच आहे. आता प्रत्येक खोलीत यंत्र बसवलंय, तसं या माझ्या केबिनमध्येही आहे, ते दाराच्या वर. गेल्या सोमवारी दुपारी मी इथे एकटाच होतो. चार वाजता आकडा चढला. दोन माणसांचा; एक मी, एक आणखी कुणीतरी. म्हटलं, असेल कुणी वाट चुकलेलं. सहाला उतरला. मंगळवारी पुन्हा, बरोबर चारला. घाबरून नव्हे, पण डॉक्टरकडे जाऊन सगळं तपासून आलो. ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाला, अजून वीस वर्षं काही होत नाही तुम्हाला. बायकोला मी काही सांगितलं नाही. खिडकी जरा उघडी ठेवतो, येणाऱ्याला मोकळं वाटावं.

मात्र काल सहा वाजले, साडेसहा वाजले, तरी आकडा उतरला नाही. मी दिवा मालवला, दाराला कुलूप लावून घरी गेलो. आज सकाळी यंत्राच्या नोंदी पाहिल्या. रात्रभर या बंद केबिनमध्ये आकडा होता तो एकाचा नव्हता, दोघांचा होता. भेटायला आलेला एक; आणि ज्याला भेटायला तो येतो तो दुसरा, मी घरी गेलो तरी इथेच होता.