आरसे झाकलेली गाडी

“पेट्या काढा,” तो गाडीकडे बघत म्हणाला.

“का?”

“तिन्ही काढा. आरसे झाकायचे. हेडलाइट, इंडिकेटर, मागचा दिवा, सगळ्यावर चिकटपट्टी. स्पीडोमीटरवरसुद्धा.”

“मग एक चादर आणा आणि मलाही झाकून टाका!”

त्याने पहिल्यांदा गाडीवरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. हसला नाही तो... पण हसू लपवायला त्याला उगाचच खाली वाकून टायर दाबून बघावा लागला. ते तिला दिसलं, आणि तिचा पारा आणखी चढला.

सकाळचे साडेसात वाजले होते. नवशिक्यांना रेसचा ट्रॅक चालवून बघता यावा म्हणून ठेवलेला हा दिवस. पत्र्याच्या शेडखाली तीसेक मोटरसायकली रांगेत उभ्या होत्या, सगळ्या सडपातळ आणि पुढे झुकलेल्या. त्यांच्यामध्ये तिची लांब पल्ल्याची टूरिंग गाडी, उंच काच, ऐसपैस सीट, दोन्ही बाजूंना आणि मागे पेट्या. पळण्याच्या शर्यतीला कुणी वळकटी काखेत मारून यावं तशी ती दिसत होती. आणि हा माणूस, जो गाड्या तपासणाराही होता आणि दिवसभर तिच्या गटाला शिकवणारही होता, मघाशी स्वतःशीच पुटपुटला होता, “सोफा आणलाय...” तिने ते स्पष्ट ऐकलं होतं. मनातल्या मनात तिने त्याचं नाव ‘चिकटपट्टी’ ठेवून टाकलं.

त्यात तिला पिवळं जाकीट दिलं. नवशिक्यांचं! तिला! अकरा वर्षं ती मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होती. दुसऱ्यांच्या गाडीला शिकाऊची पाटी लावणारी ती, आणि आज तिच्याच पाठीवर पिवळं फडकं. अकरा वर्षांत एकच मंत्र तिने घसा बसेपर्यंत घोकून घेतला होता: आरसा बघा, आरसा बघा, आरसा बघा. आणि हा शहाणा तिच्या डोळ्यांदेखत आरशांवर चिकटपट्टी ओढत होता.

“मागून कोण येतंय ते मला कसं कळणार?”

“नाही कळणार.”

“वा! आणि त्याने धडक दिली तर?”

“ट्रॅकवर मागच्याची जबाबदारी मागच्याची. पुढच्याने फक्त पुढे बघायचं.” त्याने पट्टी दातांनी तोडली. “सोपं आहे.”

“सोपं असतं तर जगात गाड्या ठोकल्याच नसत्या.”

मग त्याचं लक्ष डबल स्टँडकडे गेलं. हाही काढावा लागेल, म्हणाला. गाडी वळणावर झुकली की तो जमिनीला घासतो, गाडी उचलली जाते, माणूस पडतो.

“माझी गाडी तेवढी झुकत नाही,” ती पटकन बोलून गेली.

पाना हातात तसाच धरून तो थांबला. “का नाही झुकत?”

“तुम्ही पाना चालवा.”

बोल्ट गंजलेला होता. एकदा पाना सटकला आणि त्याच्या बोटांची सालटी निघाली. त्याने नुसती फुंकर घातली. तिने रागारागातच पेटी उघडली, औषध काढलं, पट्टी काढली आणि त्याचा हात ओढून घेतला.

“सोफ्यात दवाखाना पण आहे?”

“आहे. आणि आगाऊ माणसांना सुई टोचायचीही सोय आहे. हलू नका.”

तो हलला नाही. पट्टी बांधून झाली तरी हात तिथेच होता, हे दोघांच्याही जरा उशिरा लक्षात आलं.

पण मुळात ती इथे आली का होती, हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी घाटात, एका उजव्या वळणावर ती पडली होती. गळपट्टीचं हाड मोडलं, ते जुळलं. पण तेव्हापासून उजवं वळण आलं की तिचं अंग लाकूड व्हायचं. डावीकडे गाडी लोण्यासारखी वळायची, उजवीकडे मात्र बैलगाडीच्या वेगाने. बरोबर फिरणाऱ्यांनी हळूहळू तिला बोलावणंच सोडलं, अगदी गोड बोलून. आई म्हणाली, विकून टाक. दादाने तर गिऱ्हाईकही शोधलं, सोमवारी सकाळी येणारं. तिने दादाला सांगितलं होतं, “रविवारी संध्याकाळी कळवते.” आज रविवार होता. आजही उजवं वळण जमलं नाही, तर ती स्वतःच्या हाताने किल्ली देणार होती. तसं तिने ठरवलं होतं, आणि ठरवलेलं मोडणाऱ्यांपैकी ती नव्हती.

फेऱ्यांची पहिली खेप वीस मिनिटांची होती. चिकटपट्टी तिच्या मागून येत होता, म्हणे बघायला. बघून काय बघणार? तीन उजवी वळणं, आणि तिन्हीवर तिची तीच गत. कॉलेजातली पोरं बाहेरून तिला ओलांडून जात होती. ती उतरली तेव्हा हेल्मेटच्या आत तिचे डोळे भरले होते, आणि ते भरले म्हणून तिला स्वतःचाच संताप आला होता.

तो पाण्याची बाटली घेऊन आला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

“एक विचारू? चिडाल...”

“चिडलेलीच आहे. विचारा.”

“उजव्या वळणाला तुम्ही दर वेळी आरशात बघता.”

“आरसा झाकलाय!”

“तेच तर म्हणतोय. झाकलेल्या आरशात बघता. ऐन वळणात, मान खाली घालून. आतापर्यंत एकदाही चुकला नाहीत.” त्याचा आवाज खाली आला. “चिकटपट्टीत काय दिसतं तुम्हाला?”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला काय अधिकार? सकाळी भेटलेला माणूस, आणि जे तिला स्वतःला आठ महिन्यांत कळलं नाही ते हा वीस मिनिटांत सांगतो! तिने बाटलीचं झाकण इतकं जोरात पिळलं की ते निसटलं आणि पाणी दोघांच्याही बुटांवर सांडलं.

“गाडी दिसते,” ती म्हणाली. “पांढरी. घाटात दोन किलोमीटर माझ्या पाठीला चिकटून होता तो. हॉर्न, हॉर्न, नुसता हॉर्न! बाजूला व्हायला जागा नव्हती. वळण आलं आणि मी बघितलं... किती जवळ आलाय ते बघितलं. तेवढ्यात खडी आली. मी रस्त्यावर पडलेली, आणि तो मला वळसा घालून निघून गेला. जाता जाता परत एक हॉर्न देऊन! आणि लोक काय म्हणाले माहितीय? एवढं गाडीचं धूड बाईमाणसाने चालवावंच कशाला. त्याला कुणी काही म्हणालं नाही. एकानेही नाही!”

तिला वाटलं, आता हा म्हणणार, जाऊ द्या, विसरा. तसं म्हणाला असता तर तिने उरलेलं पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं असतं.

“हलकट माणूस,” तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “नंबर घेतलात?”

“कसा घेणार? मी पालथी होते!”

“बरोबर... बरोबर आहे.” त्याने बुटावरचं पाणी झटकलं. “पुढच्या फेऱ्यांना मी मागे आहे. मला ओलांडून कुणी तुमच्या जवळ येणार नाही.”

“मला राखणदार नकोय.”

“राखणदार नाही. मागच्याची जबाबदारी मागच्याची, एवढंच. तुम्ही वळण जिथे संपतं तिथे बघा. आणि राग येत असेल तर येऊ द्या... इथे हेल्मेटात कुणाला ऐकू जात नाही.”

फेऱ्यांची दुसरी आणि शेवटची खेप दुपारी साडेतीनला सुरू झाली. पहिलं उजवं वळण आलं आणि मान खाली जायला लागली. त्याच क्षणी तिने तोंड उघडलं, आणि आठ महिने गळ्यात अडकलेलं सगळं त्या पांढऱ्या गाडीवाल्याला ऐकवलं. त्याच्या हॉर्नला, त्याच्या सात पिढ्यांना, मग त्या ‘बाईमाणसाने कशाला’वाल्यांना, एकेकाला वेचून. शिव्या देणाऱ्या माणसाला मान ताठ ठेवावी लागते. वळणाचं टोक दिसलं आणि गाडी झुकली. जड, ऐसपैस, सोफा म्हणून हिणवलेली ती गाडी अलगद आडवी झाली आणि अलगद उठली. दुसऱ्या फेरीत शिव्या कमी पडल्या. तिसरीत तिला एकही आठवेना. चौथीत ती हसत होती... एकटीच, मोठ्याने.

फेऱ्या संपल्याचा झेंडा हलला. ती शेडपाशी आली, हेल्मेट ओढून काढलं आणि त्याला सांगायला मागे वळली. मागे कुणीच नव्हतं.

पाच मिनिटांनी एक छोटा ट्रक आला. त्यावर त्याची मोटरसायकल दोरीने बांधलेली होती आणि शेजारी तो बसला होता, चेहरा असा की चोर परवडला.

“काय झालं?”

“पेट्रोल... संपलं.”

“कधी?”

“पहिल्याच फेरीत. सकाळी तुमचा स्टँड काढण्यात भरायचं राहून गेलं.”

“म्हणजे... तीन फेऱ्या माझ्या मागे कुणी नव्हतं?”

“मी कठड्याआडून दोन्ही हात हलवत होतो हो! तीनदा गेलात समोरून.”

“तुम्हीच म्हणालात, पुढे बघा!” शेडमधल्या सगळ्यांनी माना वळवल्या, पण तिला पर्वा नव्हती. “लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! मला टेप लावायला वेळ आहे, स्टँड काढायला वेळ आहे, स्वतःच्या टाकीत डोकवायला नाही? माझा एखादा शिकाऊ असा वागला असता ना, त्याला परत पहिल्या धड्याला बसवला असता!”

“उजवी वळणं कशी झाली?” त्याने हळूच विचारलं.

ती बोलता बोलता थांबली. मग बाजूला जाऊन तिने दादाला फोन लावला. “त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग,” म्हणाली. “का म्हणजे? माझी गाडी आहे म्हणून!”

शेडमधले पेट्रोलचे डबे तोवर रिकामे झाले होते. पंप चार किलोमीटरवर होता. पट्ट्या काढून, गाडी पुन्हा रस्त्यावर चालवण्याजोगी करून तिने त्याला मागे बसवलं, मांडीवर रिकामा कॅन घेऊन. जन्मात तो कुणाच्या मागे बसला नव्हता. पहिल्या वळणावर त्याने तिच्या जाकिटाची कड धरली, आणि तिने ती धरू दिली.

पंपावर तो कॅन भरून परत आला तेव्हा ती गाडीला टेकून उभी होती. केस हेल्मेटने चपटे झालेले, नाकाचा शेंडा अजून लाल.

“माफ करा,” तो म्हणाला. “सकाळपासून तुम्हाला नुसता वैताग दिला.”

“दिलात. साडेसातपासून मी तुमच्यावर चिडलेय. आता पाच वाजले.” तिने सरळ त्याच्या डोळ्यांत बघितलं. सांगून टाकायचंच तर वळणावळणाने कशाला! “आणि ऐकून ठेवा, मी कुणावरही एवढा वेळ चिडत नाही. नको असलेल्या माणसाला मी दोन मिनिटांत वाटेला लावते. एवढा वेळ... एवढा वेळ मी फक्त आवडलेल्या माणसावर घालवते.”

त्याच्या हातातला कॅन कलला. त्याने तो खाली ठेवला, जपून. मग उभा राहिला.

“मग... उद्या पण चिडाल?”

“उद्या मला सुट्टी आहे,” ती म्हणाली. “दिवसभर चिडेन.”